डॉक्टर म्हणतात पोलिसांना कळवावंच लागेल. मग मुलीच्या नावाचं काय?

प्रश्न : माझी मुलगी १७ वर्षं ४ महिन्यांची आहे, बारावीला. पाळी चुकली म्हणून तपासणी केली, नऊ आठवडे निघाले. मुलगा १९ वर्षांचा, ओळखीतला. दोघांचं जमलं होतं, जबरदस्ती नव्हती असं ती सांगते. तालुक्याच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आधी पोलीस केस करा, एफआयआरची प्रत आणा, मग बघू. आमचं गाव लहान. ठाण्यातला हवालदार आमच्याच आळीत राहतो. दीर म्हणतात, लग्न लावून मोकळे व्हा. शेजारच्या जिल्ह्यात जाऊन वय १९ सांगा, असंही एकीनं सुचवलं. मुलाच्या आयुष्याची माती व्हावी असं मला वाटत नाही, पण मुलीची आधी चिंता आहे. घरातली गोष्ट घरात ठेवायचा हक्क आम्हाला आहे की नाही? मी कळवलं नाही तर माझ्यावरही गुन्हा होतो का? — एक आई

उत्तर : ताई, पत्रावर नाव-गाव घातलं नाहीत ते बरं केलंत. उत्तराला त्याची गरजही नाही.

आधी घाईचं तेवढं सांगते. एफआयआरची प्रत आणा ही अट गर्भपाताच्या कायद्यात कुठेही नाही. पोलिसांचं ना-हरकत पत्र लागत नाही आणि कोर्टाचा आदेशही लागत नाही. १९७१ चा वैद्यकीय गर्भपात कायदा २०२१ मध्ये सुधारला. त्यानुसार २० आठवड्यांपर्यंत एका नोंदणीकृत, पात्र डॉक्टरांचं मत पुरतं. २० ते २४ आठवड्यांत दोन डॉक्टरांचं मत लागतं आणि त्या मुदतीचा लाभ मिळणाऱ्यांत अल्पवयीन मुली येतात. तुम्ही नवव्या आठवड्यात आहात, म्हणजे दार उघडं आहे. मात्र या डॉक्टरकडून त्या डॉक्टरकडे जाण्यात महिना घालवू नका. मुलगी १८ च्या आतली असल्याने पालकाची लेखी संमती हवी. या कायद्यात पालक म्हणजे अल्पवयीन मुलीची देखभाल करणारी व्यक्ती. तुमची सही चालते. नवऱ्याची लागत नाही, दिरांची तर नाहीच.

आता डॉक्टरीणबाईंचं. त्या वाईट नाहीत, घाबरलेल्या आहेत, आणि त्यांची भीती पोकळ नाही. पोक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धचा कायदा. त्याच्या कलम १९ प्रमाणे १८ वर्षांखालच्या मुला-मुलीवर लैंगिक गुन्हा झाल्याचं ज्याला कळलं त्या प्रत्येकाने पोलिसांना कळवायचं आहे. न कळवल्यास कलम २१ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. संस्थाप्रमुखाने हाताखालच्या माणसाचा गुन्हा दडवला तर एक वर्षापर्यंत. चंद्रपूर जिल्ह्यात राजुऱ्याच्या एका वसतिगृहातल्या आदिवासी मुलींवर अत्याचार झाले. त्यांना तपासूनही न कळवल्याचा आरोप असलेल्या डॉक्टरवरचा गुन्हा मुंबई उच्च न्यायालयाने रद्द केला होता, पण नोव्हेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय फिरवला. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूर घडलं, शाळेतल्या दोन चिमुरड्यांवर अत्याचार झाल्याचं उघड झालं. तिथे शाळाचालकांवरही न कळवल्याबद्दल गुन्हा नोंदला गेला. तेव्हापासून मी पाहते, डॉक्टर काय, मुख्याध्यापक काय, शंका आली की पहिल्यांदा स्वतःची कातडी वाचवणारा कागद मागतात. त्यांना दोष देऊन तुमचं काम होणार नाही. त्यांच्या हातात बचावाचा कागद द्यावा लागेल, आणि तो आहे.

२९ सप्टेंबर २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ‘एक्स विरुद्ध प्रधान सचिव, आरोग्य व कुटुंब कल्याण विभाग, दिल्ली’ या खटल्यात निकाल दिला. न्या. चंद्रचूड, न्या. बोपण्णा आणि न्या. पारडीवाला यांचं पीठ. अविवाहित स्त्रियांच्या गर्भपाताच्या हक्कासाठी तो गाजला, पण त्यात तुमच्या घरापुरता एक परिच्छेद आहे. अल्पवयीन मुली आणि त्यांचे पालक पोलिसांत नाव जाईल या धास्तीने डॉक्टरकडे जात नाहीत आणि वैदूकडे, भोंदूकडे वळतात, हे न्यायालयाने ओळखलं आणि पोक्सो व गर्भपाताचा कायदा दोन्ही एकत्र वाचून मार्ग काढला. मुलीने आणि पालकाने विनंती केली, तर डॉक्टर कलम १९ खालची माहिती पोलिसांना देतील, पण मुलीचं नाव, पत्ता, ओळख पटेल असा तपशील देण्याची गरज त्यांना नाही. पुढे फौजदारी कारवाई झाली तरी तिची ओळख सांगण्याची सक्ती त्यांच्यावर नाही.

मेख ‘विनंती’त आहे. विनंती तोंडी करू नका. साध्या कागदावर लिहा: ‘आम्ही, अल्पवयीन रुग्ण आणि तिची पालक, सर्वोच्च न्यायालयाच्या २९ सप्टेंबर २०२२ च्या निकालानुसार विनंती करतो की पोक्सो कलम १९ खाली पोलिसांना माहिती देताना रुग्णाचं नाव, पत्ता व ओळख उघड करू नये.’ खाली दोघींच्या सह्या, तारीख, आणि आपल्या प्रतीवर पोच. सोबत निकालातल्या त्या भागाची छापील प्रत. डॉक्टरांची जबाबदारी पार पडते, मुलीचं नाव ठाण्यात जात नाही. यावरही पोलीस ‘नाव द्याच’ म्हणून अडून बसतात, हे खरं आहे. २०२५ मध्ये मुंबईतल्या एका स्त्रीरोगतज्ज्ञांना याच कारणासाठी उच्च न्यायालयात जावं लागलं. न्यायालयाने नाव न सांगता गर्भपात करण्याची मुभा दिली आणि पोलिसांच्या या अडवणुकीवर ताशेरे ओढले. त्याही आदेशाची प्रत जवळ ठेवा. तालुक्याला जमत नसेल तर जिल्हा रुग्णालयात किंवा मोठ्या शहरातल्या मान्यताप्राप्त केंद्रात जा. तिथे हे कागद ओळखीचे असतात.

आणखी एक. रुग्णालयातली नोंद कुणीही उघडून वाचेल अशी नसते. गर्भपाताच्या नियमावलीप्रमाणे संमतीपत्र आणि डॉक्टरांचं मत सीलबंद पाकिटात, वर ‘गोपनीय’ लिहून ठेवायचं असतं. दाखल रुग्णांची नोंदवही गुप्त दस्तऐवज मानली जाते. कायद्याने अधिकार दिलेल्या व्यक्तीशिवाय कुणालाही स्त्रीचं नाव सांगितलं तर डॉक्टरला एक वर्षापर्यंत शिक्षा होऊ शकते. कारकुनाने किंवा आयाने कुजबुज सुरू केली तर हे ठणकावून सांगा.

आता तुमचा मोठा प्रश्न, घरातली गोष्ट घरात ठेवायचा. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे असं एकमताने सांगितलं. तो तुम्हाला आहे, तुमच्या मुलीलाही आहे. पण पोक्सोपुढे तो फार आखूड पडतो. कारण या कायद्यात १८ खालच्या मुलीच्या संमतीला किंमतच नाही. ‘आमचं जमलं होतं’ हे तिने शपथेवर सांगितलं तरी मुलगा गुन्हेगार ठरतो. गर्भ राहिला म्हणून गुन्हा आणखी वरच्या वर्गात जातो, ‘गंभीर स्वरूपाचा लैंगिक अत्याचार’, किमान शिक्षा २० वर्षं. आधी ती दहा होती. २०१८ मध्ये कठुआतल्या आठ वर्षांच्या मुलीवरच्या बलात्कार आणि खुनाने देश हादरला, अध्यादेश निघाला आणि २०१९ च्या दुरुस्तीने वीस झाली, वर फाशीची तरतूद आली. नराधमांना धाक बसावा म्हणून घातलेली ही वीस वर्षं तुमच्या ओळखीतल्या त्या १९ वर्षांच्या पोराला जशीच्या तशी लागू होतात. न्यायाधीशाला त्याखाली जाता येत नाही.

हे असंच व्हायला हवं होतं असं नाही. जुन्या दंडविधानात संमतीचं वय कित्येक दशकं १६ होतं. २०११ च्या पोक्सो विधेयकातही १६ ते १८ वयातल्या संमतीला जागा होती, संसदीय स्थायी समितीने ती काढायला लावली. जानेवारी २०१३ मध्ये न्या. वर्मा समितीने वय १६ ठेवा असं सांगितलं होतं. पण डिसेंबर २०१२ मधल्या दिल्लीच्या सामूहिक बलात्कारानंतर रस्ते पेटलेले होते, त्या हवेत कोण ऐकणार? २०२३ मध्ये विधी आयोगाने पुन्हा विचार केला, वय १८ च ठेवलं, फक्त १६ ते १८ च्या प्रकरणांत न्यायाधीशाला शिक्षा कमी करण्याची मुभा द्यावी अशी शिफारस केली. माझं मत विचाराल तर संताप ओसरायच्या आत केलेले कायदे अत्याचारी माणूस आणि प्रेमात पडलेला पोरगा यांना एकाच मापाने मोजतात, आणि त्याची किंमत ज्या मुलीला वाचवायचं तीच मोजते.

पश्चिम बंगालचं प्रकरण बघा. मुलगी १४ ची, तो २५ चा, म्हणजे तुमच्यासारखं नाही, अंतर बरंच. तक्रार मुलीच्या आईनेच केली होती. त्याला २० वर्षं शिक्षा झाली, उच्च न्यायालयाने सोडलं, सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२४ मध्ये पुन्हा दोषी ठरवलं आणि मग तज्ज्ञ समिती नेमून त्या मुलीशी बोलायला सांगितलं. मे २०२५ मध्ये निकाल आला. समितीला आढळलं ते असं, की तिला सर्वांत जास्त जखम त्या नात्याने झाली नव्हती. नंतरच्या पोलीस-कोर्टाच्या फेऱ्यांनी, घरच्यांनी टाकण्याने आणि त्याला सोडवायच्या धडपडीतल्या कर्जाने झाली होती. न्यायालयाने विशेषाधिकार वापरून त्याला शिक्षा भोगायला लावली नाही. असा विशेषाधिकार तुमच्या जिल्ह्याच्या पोक्सो कोर्टाकडे नसतो.

पण तुम्ही ‘घरात ठेवू’ म्हणता तेव्हा मला राजुराही आठवतो. माझ्याकडे येणाऱ्या पोक्सोच्या कागदांत आरोपी बहुतेक वेळा ओळखीचा असतो, काका, मामा, शेजारी, शिकवणीवाले. अशा ठिकाणी घराचं मौन म्हणजे त्या माणसाला संरक्षण. म्हणून कळवण्याचं बंधन सरसकट काढा असं मी म्हणणार नाही. आणि म्हणूनच तुम्हाला एक काम करायचंय, जे कुठलाही वकील तुमच्यासाठी करू शकत नाही. मुलीला एकटीला बसवा. दीर नकोत, वडील नकोत. रागावू नका. विचारा: धमकी होती का, फोटो-व्हिडिओ दाखवून दबाव होता का, पैसे-वस्तू होत्या का, सांगते तोच मुलगा आहे का, की दुसऱ्या कुणाला वाचवते आहे? यातल्या एकाही प्रश्नाला ती अडखळली तर वर लिहिलेलं नाव झाकायचं प्रकरण बाजूला ठेवा आणि तक्रार द्या. मी सोबत उभी राहीन.

तिला गर्भपात हवा आहे का, हेही तिलाच विचारा. संमती कागदावर तुमची असली तरी २०२४ मध्ये मुंबईजवळच्या एका १४ वर्षांच्या मुलीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की पालकांचं आणि मुलीचं मत वेगळं असेल तर मुलीच्या मताला महत्त्व द्यायला हवं.

दिरांचा सल्ला ऐकू नका. १७ वर्षांच्या मुलीचं लग्न म्हणजे बालविवाह, आणि मुलगाही २१ च्या आतला. लग्न करणारा सज्ञान मुलगा, लावणारे भटजी, ठरवणारे दीर, सगळे दोन वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या कक्षेत येतात. शिवाय लग्नाने पहिला गुन्हा पुसलाही जात नाही. २०१७ पासून १८ खालच्या बायकोशी संबंध हाही बलात्कारच.

वय १९ सांगण्याचा सल्ला त्याहून वाईट. त्यासाठी आधार कार्डात फेरफार करावा लागेल, म्हणजे बनावट कागदाचा नवा गुन्हा. आणि उपचारात काही गुंतागुंत झाली की खरं वय पाच मिनिटांत बाहेर येतं. मग २०२२ च्या निकालाची ढालही हातची गेलेली असते, कारण ती खरं सांगून विनंती करणाऱ्यासाठी आहे.

तुमच्यावर गुन्हा होतो का? सरळ सांगायचं तर कलम १९ मधली ‘कोणतीही व्यक्ती’ आईला वगळत नाही. फक्त जी व्यक्ती स्वतःच १८ च्या आतली आहे तिला कलम २१ ची शिक्षा लागू होत नाही, म्हणजे तुमची मुलगी सुटते. २०२२ च्या निकालाने सूट दिली ती डॉक्टरला, आणि तीही ओळख सांगण्यापुरती. पण डॉक्टरांनी पोलिसांना माहिती दिली आणि तुम्ही त्यांच्याकडे उघडपणे, खऱ्या वयानिशी गेलात, तर तुम्ही गुन्हा दडवला असं म्हणणं फार कठीण जातं. ती पोच आणि विनंतीची प्रत म्हणूनच सांभाळायची.

समजा तरीही पोलिसांपर्यंत नाव पोचलं. मुलीला ठाण्यात बोलावता येत नाही असं धरून चाला: जबाब तिच्या घरी किंवा ती म्हणेल त्या ठिकाणी, शक्यतो महिला उपनिरीक्षकांनी, गणवेशाशिवाय, तुमच्या समोर. रात्री तिला ठाण्यात ठेवता येत नाही. शारीरिक तपासणीला संमती लागते, ती महिला डॉक्टरच करतील. पोलिसांना २४ तासांत बाल कल्याण समितीला कळवावं लागतं. तुमच्या आळीतल्या हवालदाराने बाहेर तोंड उघडलं तर पीडितेची ओळख उघड करणं हा वेगळा गुन्हा आहे, अधीक्षकांकडे लेखी तक्रार करा. वकिलाचे पैसे नसतील तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. स्त्रिया आणि मुलांना तिथे उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. प्राधिकरणाचं कार्यालय बहुतेक जिल्हा न्यायालयाच्या आवारातच असतं. जन्मदाखला, सोनोग्राफीचा रिपोर्ट आणि विनंतीचा मसुदा घेऊन तिथे जा, डॉक्टरीणबाईंकडे पुन्हा जाल तेव्हा सोबत कुणाला तरी द्या असं सांगा. जमल्यास याच आठवड्यात.