नागपूरच्या महाल, सीताबर्डीचे जुने फोटो विकिमीडिया कॉमन्सवर कसे टाकायचे?

भाऊ, विकिमीडिया कॉमन्स म्हणजे कोणीही मोफत वापरू शकते अशा फोटोंचा ऑनलाइन साठा. तिथं आधी अकाउंट काढा, मग अपलोड विझार्ड (फोटो चढवायचं पान) उघडा, एका वेळी बरेच फोटो टाकता येतात. तुम्ही विचारलं की व्हॉट्सॲपवर आलेले चालतील का, तर नाही, स्वतः काढलेलेच टाका, परवानगीशिवाय टाकलेला दुसऱ्याचा फोटो डिलीट होते. लायसन्स, म्हणजे फोटो वापरायची परवानगी, सीसी बाय-एसए ४.० ठेवा, म्हणजे कोणीही वापरू शकते पण तुमचं नाव द्यावंच लागते, आणि एकदा दिलेलं लायसन्स परत घेता येत नाही हे आधीच समजून घ्या.

खरं काम कॅप्शनमध्ये आहे. लोकं नुसतं 'आयएमजी ००२३' टाकून मोकळे होतात, मग तो फोटो कोणाला सापडणार? झिरो माइलच्या दगडी खांबाचा असेल तर तिथले चार घोडे कोणत्या बाजूने दिसून राहिले, कोणत्या साली काढला, सगळं लिहा आणि मराठीतही लिहा, भाषा जोडायचं ऑप्शन तिथंच असते. कॅटेगरी नुसती इंडिया नका देऊ, नागपूरची शोधून द्या. घरातला फोटो असेल तर फोटोसोबत जाणारं लोकेशन काढून टाका.

महालातले जुने वाडे कोसळून राहिले, त्यांचे फोटो पहिले टाका.