आंदोलनात कोणी अंगावर धावून आलं तर शांत कसं राहायचं?
पहिलं म्हणजे आवाज त्याच्यापेक्षा खाली ठेवा, हात मोकळे आणि दिसतील असे, आणि छाती काढून समोर उभं न राहता जरा तिरकं उभं राहा, बऱ्याचदा निम्मा ताव तिथेच उतरतो. श्वास सावकाश सोडा. त्याला पटवायच्या भानगडीत पडू नका, आजूबाजूचे बघतायत त्यांच्यासाठी एकच वाक्य बोला, आपण कशासाठी आलोय ते. मोबाईल रोखून डिवचणाऱ्याला तर तुमचा भडकाच हवा असतो (व्हिडिओ तेवढाच कापून फिरतो). आणि प्रॅक्टिस करून जा खरंच, १९६० च्या नॅशव्हिल सिट-इनआधी (अमेरिकेतलं वर्णभेदाविरुद्धचं ठिय्या आंदोलन) अहिंसेचं प्रशिक्षण देणारे जेम्स लॉसन यांच्या वर्कशॉपमध्ये विद्यार्थी एकमेकांना मुद्दाम शिव्या देऊन, ढकलून सराव करायचे. हात उचललाच कोणी, तर सोबत्याला हाक मारून सरळ मागे व्हा.