पटाशी हे शस्त्र नव्हे, तरीही ती विमानात नेता येत नाही

दिल्लीतील लाकूडकामाच्या कार्यशाळेला निघताना आपण सहा पटाशा (लाकूड तासण्याच्या छिन्न्या), एक लहान रंधा आणि काही कोरण्या, गहाळ होतील या भीतीने, खांद्यावरच्या पिशवीतच ठेवल्या. सुरक्षा तपासणीत त्या अडवल्या गेल्या, ‘केस होऊ शकते’ असे आपल्याला ऐकवण्यात आले आणि विमान चुकू नये म्हणून सुमारे 30,000 रुपयांची ही अवजारे तेथेच सोडून आपण पुढे गेलात. हा गुन्हा ठरतो का, अवजारे किंवा त्यांची किंमत परत मिळेल का आणि पुढच्या महिन्यातील प्रवासात काय करावे, असे आपले प्रश्न आहेत.

गुन्ह्याची धास्ती आधी दूर करतो. शस्त्र नियम, 2016 च्या अनुसूचीत 9 इंचांहून लांब किंवा 2 इंचांहून रुंद पात्याच्या शस्त्रांचा जो वर्ग दिला आहे, त्यातून घरगुती, शेती, वैज्ञानिक किंवा औद्योगिक कामासाठी घडवलेली पाती स्पष्टपणे वगळली आहेत. आपली पटाशी मुळात त्या मापाची नाही, शिवाय ती कामाचे अवजार आहे आणि आपण ती न लपवता तपासणीच्या यंत्रात ठेवली होती. त्यामुळे शस्त्र बाळगल्याचा गुन्हा येथे उभा राहतो, असे मला वाटत नाही. आपण जवानाला ‘ये मेरे हत्यार हैं’ असे सांगितल्याचे लिहिले आहे. आपल्याकडे सुतार आपल्या अवजारांना सहजच हत्यारे म्हणतो, पण हिंदीत त्या शब्दाचा अर्थ सरळ शस्त्र असा होतो. तेथे ‘औजार’ म्हणावे.

मात्र गुन्हा नसला तरी अडवणूक बेकायदा ठरत नाही. केबिनमध्ये काय नेऊ द्यावे, हे नागरी विमान वाहतूक सुरक्षा ब्युरोच्या निर्देशांवरून ठरते आणि तेथे प्रश्न वस्तू कशासाठी घडवली हा नसून तिने इजा करता येईल का, हा असतो. शीख प्रवाशांना देशांतर्गत विमानात 6 इंचांपर्यंतच्या पात्याचे कृपाण नेता येते, ते त्यासाठी स्वतंत्र सवलत दिलेली आहे म्हणून. कारागिरांसाठी तशी सवलत नाही. अमेरिकेत 7 इंचांपर्यंतची काही अवजारे केबिनमध्ये चालतात, हे आपण वाचलेले खरे आहे, परंतु त्या नियमाचा आधार भारतातील विमानतळावर घेता येणार नाही.

भरपाईबाबत मी आपल्याला फारशी आशा दाखवू इच्छित नाही. विमान कंपनीची जबाबदारी प्रामुख्याने तिच्या ताब्यात दिलेल्या सामानापुरती असते आणि ही अवजारे तिच्या ताब्यात कधी गेलीच नव्हती. पिशवी चेक-इनमध्ये देण्यासाठी परत जाऊ द्या, अशी मागणी आपण केली होती आणि वेळ असूनही कंपनीच्या कर्मचाऱ्याने ती नाकारली, असे घडले असेल, तर सेवेतील त्रुटीचा मुद्दा मांडता येईल आणि आपण राहता त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत तक्रार करता येईल. परंतु आपल्या पत्रात अशा मागणीचा उल्लेख नाही. तूर्त विमानतळ चालकाला आणि तेथील सुरक्षा कक्षाला आजच लेखी विनंती पाठवावी. सोबत बोर्डिंग पास, तपासणीची अंदाजे वेळ आणि अवजारांची छायाचित्रे जोडावीत. विनंतीचा सूर दाव्याचा नसावा, कारण आपण वस्तू स्वतः सोडून गेलात, असे उत्तर त्यांच्याकडे तयार असते.

पुढच्या वेळी सर्व धारदार अवजारे चेक-इन सामानातच द्यावीत आणि सामान हाताळणाऱ्याला इजा होऊ नये म्हणून प्रत्येक पात्याला चामड्याचे किंवा जाड पुठ्ठ्याचे आवरण घालावे. देशांतर्गत प्रवासात सामान हरवल्यास भरपाईची मर्यादा साधारणपणे प्रवाशामागे 20,000 रुपये आहे, म्हणजे आपला संच त्यात बसत नाही. त्यासाठी 1972 च्या हवाई वाहतूक अधिनियमाच्या तिसऱ्या अनुसूचीत विशेष मूल्याच्या घोषणेची सोय आहे: सामान सोपवतानाच ही घोषणा करावी, कंपनी मागेल ते जादा शुल्क भरावे आणि पावती जपून ठेवावी. काउंटरवरील कर्मचाऱ्याला ही सोय ठाऊक नसण्याचा संभव असल्याने कंपनीला आधी ई-मेल करणे श्रेयस्कर. सामान मोडलेले मिळाल्यास लेखी तक्रार सात दिवसांत गेली पाहिजे.

चपड्याचे (लाखेचे) पॉलिश किंवा स्पिरिटची बाटली मात्र दोन्हीपैकी कोणत्याही सामानात ठेवू नये. ते ज्वालाग्राही असल्यामुळे दिल्लीतच विकत घ्यावे.