यादी परत पाठवतोय

अरे ज्युनियर,

रात्री साडेबाराला रोबोकॉनच्या, म्हणजे दरवर्षी नवा खेळ देणाऱ्या कॉलेजांच्या रोबो स्पर्धेच्या, आवडत्या खेळांची क्रमवारी पाठवलीस आणि खाली एकच ओळ: ‘मला फक्त ग्रिपर दिलाय, टीम सोडू का?’ रोबोच्या त्या पकडणाऱ्या हाताचं नंतर, आधी यादीचं बोलू.

2017 चा तबकड्या फेकून टेबलांवर बसवायचा खेळ पहिला? व्हिडिओत झकास दिसतो, मान्य. पण त्यात संघाचा रोबो एकच. तबकडी टेबलावर बसली तर बसली, नाही तर घसरली. कुणी कुणाच्या हातात काही दिलं नाही. माझ्याकडे तो तळाला.

खेळ जोखायचा तो देण्याघेण्यावर. 2019 ला मंगोलियाच्या जुन्या टपालाची कल्पना होती. पहिला रोबो ‘गेरेगे’, म्हणजे दूताची परवाना-पाटी, दुसऱ्याच्या हवाली करतो आणि दुसरा चार पायांवर चालत निघतो. सगळे ते चार पाय बघत बसले. मी हवाली करतानाचे दोन सेकंद पुन्हापुन्हा बघतो. 2014 ला पुण्यात पालक रोबो आणि मूल रोबो होते. मुलाला झोपाळ्यावर, सी-सॉवर बसवायचं. पालकाची पकड सुटते आणि मूल अजून नीट टेकलेलं नसतं, खरा खेळ त्या फटीत आहे. 2022 ची लगोरी ‘आपली’ म्हणून तू दुसरी ठेवलीस. एकाने पाच चकत्यांचा ढीग पाडायचा, दुसऱ्याने डोक्यावरचा चेंडू सांभाळत रचायचा. चांगलाच खेळ आहे, माझ्याकडे चौथा. पण आपला म्हणून मार्क देणं बंद कर बे. 2008 चा गोविंदाही तू तसाच वर चढवलायस.

2016 तुझ्या यादीत सातवा. माझा पहिला. इको रोबोला स्वतःला पुढे ढकलणारी मोटर नाही. हायब्रिड रोबोने त्याला न शिवता वाऱ्याने किंवा चुंबकाने पुढे न्यायचं, शेवटी त्याच्याकडचं पवनचक्कीचं पातं घ्यायचं आणि खांबावर चढून वर बसवायचं. म्हणजे आधी एकाने द्यायचं, मग दुसऱ्याने.

आम्ही त्या वर्षी होतो. हायब्रिड माझा, इको दुसऱ्या दोघांचा. मोटरच्या खर्चावरून वाजलं आणि मी त्यांच्याशी पंधरा दिवस बोललो नाही. चढावर इको अडतो म्हणून त्यांनी मोठी चाकं लावली. पातं तीन सेंटीमीटर वर गेलं. मला कुणी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. टेंभुर्णी, इंदापूर करत टेम्पोतून पुण्याला गेलो तेव्हा दोन्ही रोबो पहिल्यांदा शेजारीशेजारी उभे राहिले. माझ्या ग्रिपरने हवा पकडली. तीनदा.

लोक म्हणतात मी हरलो म्हणून तो खेळ डोक्यावर घेऊन बसलोय. असेलही. पण पॉइंट चुकीचा आहे का ते सांग. अक्कलकोट रोडला यंत्रमागांची दुरुस्ती करताना आजही बघतो: आडवा धागा नेणारा धोटा नीट असतो, मागही नीट असतो, बिघाड निघतो तो एकाकडून दुसऱ्याकडे जाण्यात. सोलापूरच्या गड्डा यात्रेआधी नंदीध्वजांचा, त्या उंच मानाच्या काठ्यांचा, सराव चालतो तो जाऊन बघ. काठी पेलणारे पुष्कळ सापडतील. ती एकाकडून दुसऱ्याकडे जाते तेव्हा शेजारचे बोलणं थांबवतात.

आणि तू म्हणतोस, ‘फक्त’ ग्रिपर! अरे, देण्याघेण्याची जागा तुझ्या हातात दिलीय त्यांनी. कोडवाल्याचं लॅपटॉपवर भागतं. तुला मात्र प्रत्येकाकडे जावं लागणार: बेसची उंची किती, बॅटरी बदलल्यावर बेस किती दबतो, माल कुठल्या कोनात येणार. विचारायला लाज वाटते म्हणून टीम सोडायची असेल तर सोड, माझी हरकत नाही. मी लाजलो होतो, मला माहिती आहे ते कसं असतं.

यादी पुन्हा लिही. प्रत्येक खेळापुढे एवढंच लिही: कुणी, कुणाला, काय दिलं. आणि रविवारी वर्कशॉपवर ये, शेंगाचटणी-भाकरी आहे. ग्रिपर आण. एकटा येऊ नकोस, तुमची चाकं बसवतो त्यालाही घेऊन ये.