गाव आणि जिल्हा परिषदेची शाळा : पालकांच्या प्रश्नांना उत्तरे

जिल्हा परिषदेच्या शाळा आणि त्यांची गावे यांच्या नात्याविषयी येणाऱ्या पत्रांत एकच गोंधळ पुन्हा पुन्हा दिसतो. लोकसहभाग म्हणजे वर्गणी, अशी समजूत पालकांची आहे आणि दुर्दैवाने काही मुख्याध्यापकांचीही आहे. शाळा सरकारची असताना आमच्याकडे पैसे का मागता, असे पालक विचारतात, तर गाव शाळेकडे फिरकत नाही, असे शिक्षक लिहितात. या दोन्ही तक्रारींचे उत्तर बहुतेक वेळा शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत सापडते, आणि नेमकी तीच बैठक अनेक गावांत होत नाही. त्यातले काही प्रश्न येथे घेतले आहेत.

प्रश्न : मुलीच्या पहिलीच्या प्रवेशाच्या वेळी आमच्या जिल्हा परिषद शाळेत ‘विकास निधी’ म्हणून एक हजार रुपये मागितले. ते देणे बंधनकारक आहे का?

नाही. शिक्षण हक्क कायदा, 2009 च्या कलम 13 नुसार प्रवेशासाठी कोणत्याही नावाने देणगी घेता येत नाही. घेतल्यास त्या रकमेच्या दहापटीपर्यंत दंडाची तरतूद आहे. प्रवेश झाल्यावर स्वेच्छेने काही द्यायचे असल्यास समितीच्या नावाची पावती घेऊनच द्यावे.

प्रश्न : आमच्याकडे सरपंच हेच समितीचे अध्यक्ष असतात, असे सांगतात. खरे आहे का?

खरे नाही. अध्यक्ष पालक सदस्यांमधून निवडला जातो आणि मुख्याध्यापक सदस्य-सचिव असतात. सरपंचांचे मूल त्याच शाळेत शिकत असेल आणि ते पालक म्हणून निवडून आले असतील, तर गोष्ट वेगळी.

प्रश्न : मी समितीची सदस्य आहे, पण आजवर एकाही बैठकीला गेलेले नाही. महिनाअखेरीस शाळेतली मुले नोंदवही घरी आणतात आणि मी सही करते. सगळ्याच बाया तसे करतात. यात काही गैर आहे का?

होय, गैर आहे. हा प्रश्न आपण स्वतः होऊन विचारलात, म्हणून सविस्तर लिहितो.

कायद्याच्या कलम 21 नुसार समितीत किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक असावे लागतात आणि एकूण सदस्यांत निम्म्या महिला असाव्या लागतात. दुर्बल आणि वंचित गटांतील मुलांच्या पालकांना त्यांच्या प्रमाणात जागा द्यावी लागते. शाळेच्या कामावर देखरेख ठेवणे, शाळा विकास आराखडा तयार करणे आणि शासनाकडून वा अन्य मार्गाने आलेल्या पैशाच्या विनियोगावर लक्ष ठेवणे, ही कामे कायद्याने समितीकडे दिलेली आहेत. तेव्हा आपण घरी बसून केलेली सही म्हणजे न पाहिलेल्या खर्चाला आणि न ऐकलेल्या ठरावाला दिलेली मान्यता ठरते. पुढे चौकशी झालीच, तर इतिवृत्तात आपली उपस्थिती नोंदलेली असेल आणि मला काही माहीत नव्हते, हे म्हणणे कोणी ग्राह्य धरणार नाही.

आपल्या शाळेचा पट 31 ते 100 च्या दरम्यान असेल, तर समग्र शिक्षा योजनेतून वर्षाला 25 हजार रुपयांपर्यंत संयुक्त शाळा अनुदान मंजूर होऊ शकते आणि त्यातील किमान दहा टक्के रक्कम स्वच्छतेवर खर्च होणे अपेक्षित असते. ही रक्कम कधी आली, कशावर खर्च झाली आणि पावत्या कुठे आहेत, हे विचारण्याचा आपल्याला पूर्ण अधिकार आहे. मुख्याध्यापकांवर अविश्वास दाखवणे असा याचा अर्थ होत नाही. प्रामाणिक मुख्याध्यापकाला अशा प्रश्नांमुळे संरक्षणच मिळते.

मात्र मला सर्वाधिक काळजी वाटते ती आराखड्याची. कलम 22 नुसार समितीने केलेला शाळा विकास आराखडा हा शासनाच्या नियोजनाचा आणि अनुदानाचा आधार असतो. प्रत्यक्षात अनेक ठिकाणी शेजारच्या शाळेचा आराखडा नाव बदलून दाखल होतो आणि मुलींच्या स्वच्छतागृहाला दार नाही, ही साधी गोष्टही त्यात येत नाही. ग्रामपंचायतीच्या विकास आराखड्याची तयारी साधारणपणे 2 ऑक्टोबरच्या ग्रामसभेपासून सुरू होते. पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीपैकी 2021-22 ते 2025-26 या काळात 60 टक्के रक्कम पाणी आणि स्वच्छता यांसाठी बंधित होती, म्हणजे शाळेचे स्वच्छतागृह, हात धुण्याची जागा, पिण्याच्या पाण्याची टाकी ही कामे त्यात सहज मांडता येत होती. ज्या शाळांची लेखी मागणी वेळेत ग्रामसभेपुढे आली, त्यांचा विचार तरी झाला. ज्यांची आली नाही, त्या गावांत नंतर दारोदार वर्गणी मागितली गेली. शासनाच्या तिजोरीत ज्यासाठी पैसा ठेवलेला आहे, तेच काम मजुरी करणाऱ्या पालकांच्या खिशातून करून घेणे मला मान्य नाही, आणि ते टाळण्याचा मार्ग आपल्या बैठकीतून जातो.

बैठक सकाळी अकराला ठेवली, तर शेतावर जाणाऱ्या बाया येणार नाहीत, हे उघड आहे. वेळ बदलून मागा. विषयपत्रिका आधी मागा, लिहिता-वाचता येत नसेल तर इतिवृत्त मोठ्याने वाचून घ्या आणि त्यानंतरच सही करा. पुढच्या महिन्यात नोंदवही घरी आली, तर सही न करता परत पाठवा. त्यावरून वाद झाल्यास केंद्रप्रमुखांशी आणि गरज पडल्यास पंचायत समितीतील गटशिक्षणाधिकाऱ्यांशी लेखी बोला.

प्रश्न : एक एजंट ‘आयएसओ शाळा’ करून देतो म्हणतो. त्यासाठी गावातून वर्गणी काढायची आहे. शिवाय डिजिटल फळाही तोच देणार आहे. काय करावे?

वर्गणी काढू नये. आयएसओ ही मानके ठरवणारी संस्था आहे आणि ती स्वतः कोणालाही प्रमाणपत्र देत नाही. प्रमाणपत्र देतात त्या वेगळ्या संस्था, आणि त्यांच्या दर्जात फार अंतर असते. आयएसओ 9001 हे मानक संस्थेच्या कामकाजपद्धतीचे आहे. तिसरीच्या मुलाला वजाबाकी येते की नाही, हे त्यावरून कळत नाही. रंगवलेल्या भिंती आणि प्रवेशद्वारावरची पाटी दाखवून गावाचा पैसा घेऊन जाणाऱ्यांना शाळेच्या आवारातही उभे करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

डिजिटल फळ्याचा विचार स्वतंत्रपणे करावा. शाळेचे वीजबिल नियमित भरले जाते का, दुरुस्ती कोण करणार, शिक्षकांना तो वापरायचा आहे का, हे आधी ठरवावे. त्यासोबत विकल्या जाणाऱ्या ‘अभ्यासक्रमा’साठी वेगळे पैसे मोजण्यापूर्वी बालभारतीची पुस्तके आणि ‘दीक्षा’ या शासनाच्या ऑनलाइन शिक्षण मंचावरील साहित्य विनामूल्य मिळते, हे लक्षात ठेवावे. खरेदी करायचीच असेल, तर समितीचा ठराव, एकाहून अधिक दरपत्रके आणि डेडस्टॉक रजिस्टरमधील (शाळेच्या टिकाऊ वस्तूंच्या नोंदवहीतील) नोंद या तीन गोष्टींशिवाय करू नये, आणि ठरावापूर्वी गटशिक्षणाधिकारी कार्यालयाचा सल्ला घ्यावा.

प्रश्न : वीसपेक्षा कमी पटाच्या सगळ्या शाळा बंद होणार, असा संदेश फिरत आहे. मुलाचे नाव आताच काढून घ्यावे का?

काढू नये. आपल्या शाळेविषयी लेखी आदेश आहे का, हे गटशिक्षणाधिकाऱ्यांना विचारावे. फिरणाऱ्या संदेशावर विश्वास ठेवून पालक नावे काढतात, त्यामुळे पट घटतो आणि अफवेला आधार मिळतो. पहिली ते पाचवीच्या मुलांसाठी वस्तीपासून एक किलोमीटरच्या आत शाळेची सोय असावी, असा राज्याचा नियम आहे. समायोजनाचा, म्हणजे शाळा दुसऱ्या शाळेत विलीन करण्याचा, प्रस्ताव खरोखरच आला, तर समितीने आणि ग्रामसभेने अंतर, ओढे-नाले व वाहतूक यांची वस्तुस्थिती लेखी कळवावी, आणि ती तातडीने कळवावी.

प्रश्न : एका शिक्षकाची बदली झाली, पण बदली शिक्षक मिळालेला नाही. गावातल्या पदवीधर मुलीला वर्गणीतून मानधन देऊन ठेवले तर चालेल का?

तात्पुरती मदत म्हणून गावांनी असे केलेले आहे आणि त्यामागची तळमळ मी समजू शकतो. तरीही सावध राहावे. शिक्षकाची किमान पात्रता कायद्याने ठरलेली आहे, त्यामुळे ती मुलगी शिक्षकांच्या देखरेखीखाली वाचन-लेखनाला मदत करू शकते, पण रिक्त पदाची जागा घेऊ शकत नाही. गावाने सोय करून घेतली की रिक्त पदाची निकड कार्यालयाला दिसेनाशी होते, हा खरा धोका आहे. म्हणून मदतनीस येण्याआधीच रिक्त पदाविषयी समितीचा ठराव गटशिक्षणाधिकाऱ्यांना द्यावा, पोच घ्यावी, दर महिन्याला स्मरणपत्र पाठवावे, आणि मदतनिसाविषयीही त्यांची लेखी संमती घ्यावी.

प्रश्न : आमचे मुंबईतील ग्रामस्थ मंडळ शाळेला काही देऊ इच्छिते. मुलांना एक दिवस जेवण द्यावे की वस्तू द्याव्यात?

दोन्ही चालेल, पण आधी शाळेला काय हवे ते विचारा. एकाच आकाराच्या दप्तरांचे तिसरे वाटप कोणाच्या उपयोगाचे नसते. जेवणासाठी पोषण आहार योजनेत तिथी भोजनाची, म्हणजे खास दिवशी लोकांनी स्वेच्छेने मुलांना जेवण देण्याची, सोय आहे. ते नेहमीच्या आहाराला पूरक असते, त्याऐवजी नसते. मुलांना वाढण्यापूर्वी शिक्षकांसह मोठ्या माणसांनी ते चाखून पाहिलेच पाहिजे. लग्नघरी उरलेले अन्न कधीही पाठवू नये.

कर्मवीर भाऊराव पाटील यांनी 1919 मध्ये काले येथे सुरू केलेली रयत शिक्षण संस्था लोकांनी दिलेल्या धान्यावर, जागेवर आणि श्रमांवर वाढली. आपल्या मंडळातील निवृत्त मंडळी सुट्टीत गावी येतात, तेव्हा मुलांसोबत आठवडाभर पुस्तके वाचू शकतील का, याचाही विचार व्हावा. करसवलतीविषयी मात्र आपल्या सनदी लेखापालांना विचारा.

प्रश्न : लग्नासाठी शाळेचे पटांगण मागितले तर मुख्याध्यापक नाही म्हणतात. मग शाळा गावासाठी काय करते?

मुख्याध्यापक बरोबर आहेत. ती जागा जिल्हा परिषदेची आहे आणि परवानगीचा अधिकार त्यांच्या एकट्याकडे नाही. आपल्या दुसऱ्या प्रश्नाबद्दल म्हणाल, तर 2019 आणि 2021 च्या महापुरात सांगली-कोल्हापूर भागातील कित्येक कुटुंबांना आसरा शाळांच्याच खोल्यांत मिळाला. एरवीही वाचनालय संध्याकाळी उघडे ठेवणे, मातांच्या गटांना वर्ग वापरू देणे हे समितीच्या ठरावाने शक्य आहे. मागणी लेखी करा.

प्रश्न : आमच्या शाळेच्या एका वर्गाचा स्लॅब गळतो आणि तुकडे पडतात. ग्रामपंचायत गवंडी द्यायला तयार आहे. पावसाळ्यानंतर काम काढावे का?

मुलांना त्या वर्गात उद्यापासून बसवू नका. पावसाळा संपण्याची वाट पाहू नका. 25 जुलै 2025 रोजी राजस्थानातील झालावाड जिल्ह्यात पिपलोदी येथील सरकारी शाळेचे छत कोसळून सात मुले गेली. ती घटना माहीत असताना वर्ग चालू ठेवणे अक्षम्य आहे.

गवंड्याकडून गिलावा करून घेतला, तर गळती काही काळ झाकली जाईल आणि आतली गंजलेली सळई दिसणार नाही. म्हणून मुख्याध्यापकांनी आजच गटशिक्षणाधिकाऱ्यांना लेखी कळवावे आणि बांधकाम उपविभागाच्या अभियंत्याकडून पाहणी मागावी. खोली दुरुस्त होण्याजोगी आहे की तिचे निर्लेखन करावे (म्हणजे ती वापरातून बाद करून पाडावी) लागेल, हे तेच ठरवतील. नव्या खोलीचा प्रस्ताव त्यांच्या अहवालाच्या आधारे जिल्हा वार्षिक योजनेत जाऊ शकतो. तोपर्यंत ग्रामपंचायतीने समाजमंदिर किंवा सभागृह वर्गासाठी उपलब्ध करून द्यावे, धोकादायक खोलीला कुलूप लावून भोवती कुंपण घालावे आणि मुले व्हरांड्यातही तिच्या आडोशाला बसणार नाहीत, हे पालकांनी आळीपाळीने पाहावे. पंधरा दिवसांत कोणी पाहणीला आले नाही, तर पोच जोडून मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांकडे अर्ज द्यावा.