तीनच कॉर्ड, मग मान कशाला?

प्रश्न : आमच्या बँडचा गिटारवादक म्हणतो, एसी/डीसी या रॉक बँडचं तेच तेच हार्ड रॉक म्हणजे पोरखेळ. खरंय का?
– एक वाचक, वाशी

उत्तर : मेट्रोनोम (लयीचे ठोके देणारं यंत्र) मिनिटाला ९२ ठोक्यांवर लावून त्याला एकच रिफ, म्हणजे पुन्हा पुन्हा येणारा सुरांचा छोटा तुकडा, चार मिनिटं वाजवायला सांगा. लय पळायला लागेल. सिडनीत १९७३ साली सुरू झालेल्या एसी/डीसीचा कणा होती माल्कम यंगची रिदम गिटार, म्हणजे ठेका धरणारी गिटार : तारा जाड, गेन (अ‍ॅम्पवरचं सूर खरखरीत करणारं बटण) कमी. नवशिके गेन चढवतात, मग कॉर्डमधले, म्हणजे एकदम वाजणारे, सूर एकमेकांत मिसळून नुसता गोंगाट उरतो. गेन निम्म्यावर आणा, आवाज वाढवा. कॉर्डनंतरची शांतताही मोजून हवी. डाव्या हाताची बोटं सैल सोडून तारांचा नाद तिथेच थांबवा. भजनात तासभर एकच ठेका धरणाऱ्या पखवाजियाला कोणी पोरखेळ म्हणतं का? गाण्यांचे शब्द मात्र बरेचदा थिल्लर, हे मान्य.