सेंट एलिझाबेथच्या पुराचं चित्र: यात वादळ दिसत का नाही?

तुम्ही विचारलंय की ॲमस्टरडॅमच्या रायक्सम्युझियममधल्या त्या दोन पॅनेल्सना (रंगवलेल्या लाकडी फळ्यांना) भयंकर वादळी पुराचं चित्र म्हणतात, मग पाणी एवढं शांत कसं, लोक गाठोडी घेऊन जरा निवांतच चाललेत असं का वाटतं, आणि चित्रकाराने हे स्वतः पाहिलं होतं का. शेवटचं आधी सांगतो, जवळजवळ नक्कीच नाही. पूर आला १८-१९ नोव्हेंबर १४२१ च्या रात्री आणि चित्र साधारण १४९०-९५ चं, मधे सत्तरेक वर्षं गेलेली. चित्रकाराचं नाव कुठेच नाही, म्हणून या चित्रावरूनच त्याला सेंट एलिझाबेथ पॅनेल्सचा मास्टर म्हणतात.

आता हे चित्र कोणी काढवून घेतलं ते बघा, कारण सगळी गंमत तिथेच आहे. नेदरलँड्समधलं वीलड्रेख्ट गाव पुरात बुडालं, तिथल्या लोकांनी जवळच्या डॉर्डरेख्ट शहरातल्या मोठ्या चर्चमधल्या वेदीसाठी हे दिलं असं मानतात. हे वेदीचित्राचे (वेदीवर उभ्या करायच्या चित्राचे) दरवाजे, बंद असले की बाहेरून पूर दिसायचा, उघडले की आत एलिझाबेथ या ख्रिस्ती संत स्त्रीचं चरित्र (तिचा सण तेव्हा १९ नोव्हेंबरला असायचा, म्हणून पुरालाही तिचंच नाव). म्हणजे देणाऱ्यांना लाटा न् विजा नकोच होत्या, त्यांना गावं हवी होती. झूम करून बघा, पाण्यात उभ्या चर्चांशेजारी गावांची नावं चक्क लिहिलीत. उजवीकडे वर बांध फुटलाय, डावीकडे डॉर्डरेख्ट, आणि मधे माणसं शहराकडे निघालीत. आपल्याकडे धरणात गाव गेलेला माणूस कसा एकेका वाडीचं नाव घेत सांगतो, तसं आहे हे, त्यामुळे मी तरी याला अर्धा नकाशाच समजतो.

एक सावधगिरी मात्र, चित्र बघून सगळं एका रात्रीत बुडालं असं वाटतं, तसं नव्हतं. बांधांची देखभाल आधीच ढासळली होती, हॉलंडमधली गटबाजीची भांडणं चालू होती, शिवाय मिठासाठी बांधांजवळचं पीट (दलदलीतला कुजलेल्या वनस्पतींचा थर) खणायचे त्याने जमीन कमकुवत झालेली. १४२४ ला परत पूर आला आणि मग जमीन हळूहळू हातची गेली, तिथेच आज बीसबॉस ही दलदल आहे. ७२ गावं बुडाली हा आकडा नेटवर सगळीकडे फिरतो पण तो परंपरेतला आहे, अभ्यासक बराच कमी धरतात.

म्युझियमच्या साइटवर मोठ्या रेझोल्युशनची इमेज आहे, मोबाईलपेक्षा लॅपटॉपवर उघडा, नाहीतर ती नावं वाचता येत नाहीत.